पूजेत बसलेलं चेनव्हील

आमच्या ह्यांचं अहमदपूरच्या बाजारात लोखंडी सामानाचं दुकान आहे. खिळे, बिजागऱ्या, साखळ्या, कुदळी, घमेली, नळाच्या तोट्या. त्या वर्षी पाऊस नावाला पडला होता आणि नळ कोरडे होते, तरी तोट्या खपत होत्या. तोटी बदलली की पाणी येईल असं लोकांना वाटायचं आणि हे कुणाची समजूत काढायच्या भानगडीत पडत नसत. उलट तोटी मागायला आलेल्या माणसाला "याच्यासंगं हा वायसरबी लागतंय बघा" म्हणून दुसरी वस्तू पुढं सरकवायचे. बिजागरीबरोबर कडी, कडीबरोबर कुलूप. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

असा हा हिशेबी माणूस एकाच बाबतीत खुळा होता, ती म्हणजे त्यांची सायकल. नांदेडच्या कुण्या इंजिनिअरची बदली झाली, तेव्हा त्याच्याकडून घेतलेली रेसची सायकल. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वाकडं, टायर बोटभर जाडीचं आणि मागं कॅरिअर नाही. चौकात टँकर आला की गल्लीतले सगळे नवरे सायकलीला घागरी अडकवून निघायचे. आमचे हे मात्र मोकळी सायकल घेऊन निघायचे, आणि मी घागर डोक्यावर घेऊन येत असले की मागून घंटी वाजवून मलाच बाजूला व्हायला सांगायचे. त्यावर मी काय बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

रोज पहाटे शिरूर ताजबंदपर्यंत जायचे आणि यायचे. चाळिशी उलटलेला, आडव्या बांध्याचा, कपाळभर विभूती लावलेला माणूस वाकून वाकून सायकल हाणतोय हे बघायला सुरुवातीला पोरं जमायची. नंतर पोरांनाही कंटाळा आला, पण ह्यांना आला नाही. दुकानाच्या पाटीवर त्यांचं नाव आहे, वीरभद्रप्पा म्हणून; मी काही ते घेत नाही.

त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला. तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद. कचेरीचं काम निघालं की पहाटे निघायचं आणि काम न होता रात्री परत यायचं. आता लातूरला जाऊन काम न होता दुपारीच परत येता येणार होतं, म्हणून सगळं अहमदपूर खूश होतं. मी सोडून.

कारण लातूरला माझी थोरली बहीण राहते, जगदेवीअक्का. अक्काकडं सगळं माझ्या आधी आलं. गॅस आधी, टेलिफोन आधी, कपड्याचं कपाट आरशाचं, तेही आधी. माझ्याकडं ती वस्तू येईतो तिच्याकडची जुनी होऊन बदललेली असायची. आणि आता तर जिल्हाच तिच्या दारात येऊन बसला. ती अशी बोलायला लागली की जणू आमच्या शंकरप्पा दाजींनीच तो कापडाच्या दुकानातून फाडून दिला होता. "तालुक्याला काय मिळतंय गं, जिल्ह्याला येऊन घेत जा," असं ती मला साध्या सुईदोऱ्याबद्दल म्हणाली.

त्यात दसरा. आमच्यात दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून द्यायची ती धाकट्यानं थोरल्याच्या दारी जाऊन. त्यामुळं लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला मी एसटीत घुसमटत लातूरला जायची, अक्काच्या हातात सोनं ठेवून पायाशी वाकायची आणि शेवटची गाडी चुकू नये म्हणून जेवण अर्धं टाकून पळायची. अक्का कधी माझ्या दारी दसऱ्याला आली नाही. थोरलीनं यायचं नसतंच. लग्नाकार्याला आली तर चारचौघांत, उभ्या उभ्या, आणि तिथूनच माघारी.

श्रावणात तिच्याकडं जेवायला गेलो होतो. दाजींनीही रेसची सायकल घेतलेली, ह्यांची बघून, आणि अर्थातच ह्यांच्यापेक्षा चांगली. दाजी सांगत होते की नवा जिल्हा झाल्याबद्दल दसऱ्याला सकाळी लातूर ते औसा आणि परत अशी सायकल शर्यत ठेवलीय, व्यापारी लोकांसाठी वेगळी. हे लगेच म्हणाले, मीपण उतरतो. त्यावर अक्का मला वाढता वाढता म्हणाली, "पाव्हण्यांना टाळ्या वाजवायला बोलीव, उमे. पळायला कशाला तरास." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी विचारलं, "आन् आमचे हे दाजींच्या पुढं आले तर?"

अक्का पळी हातात धरून क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तर औंदा मी येते तुझ्या दारी सोनं द्यायला."

पंगत जेवायची थांबली. थोरली बहीण धाकटीच्या दारी सोनं घेऊन जाणार, हे आमच्या नात्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. मी त्या क्षणी ठरवलं की हे पहिले आले नाहीत तरी चालेल, शेवटून दुसरे आले तरी चालेल, पण शेवटचे दाजी पाहिजेत. परत येताना गाडीत मी ह्यांना म्हणाले, उद्यापासून टँकरला तुम्ही यायची गरज नाही. ते म्हणाले, मी येतच कुठं होतो. तेही खरंच.

मग ह्यांची मेहनत वाढली. मी त्यांना पहाटे उठवायची, दशम्या बांधून द्यायची, परत आले की घामाचं बनियन बघून आज किती जोर लावला ते ओळखायची. सगळं नीट चाललं होतं. नवरात्र बसलं आणि एके दिवशी मोंढ्यासमोरच्या चढावर हे उभं राहून पायडल मारायला गेले, तर साखळी खाडकन् निसटली आणि हे हमालांच्या मधोमध पोत्यांवर जाऊन पडले. पोती ज्वारीची होती म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमचे शेजारी बापूसाहेब देशपांडे, तहसीलमधून रिटायर झालेले, ओट्यावरून सगळ्या गल्लीवर लक्ष ठेवतात. त्यांनी चष्मा पुसून सायकलीकडं बघितलं आणि म्हणाले, वीरभद्रप्पा, दात गेले. ह्यांनी घाबरून आधी स्वतःच्या तोंडात बोट घातलं.

दात गेले होते ते चेनव्हीलचे. पायडलच्या दांड्याला पुढं जे मोठं दातेरी चक्र असतं, ज्यावरून साखळी फिरते, ते. त्या वर्षी रस्त्यांवर फुफाटाच फुफाटा. तेल लावलेल्या साखळीत धूळ बसायची आणि ती दातांना रोज घासायची. दात झिजून जुन्या विळ्यासारखे एका अंगाला वाकले होते. जोर दिला की साखळी त्यांच्यावरून सरकायची.

हे चक्र अहमदपुरात मिळणारं नव्हतं. लातूरला मिळालं असतं, पण लातूरला घेतलं असतं तर ते सांजच्याला दाजींच्या कानावर गेलं असतं. म्हणून अष्टमीला हे जुनं चेनव्हील खोलून, नमुन्याला पिशवीत घालून नांदेडला गेले. वजिराबादेतल्या एका दुकानात नेमक्या त्याच भोकांचं मिळालं. सांजेला परत आले ते हसत हसत. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "तो दुकानदार म्हणतो, याच्यासंगं साखळीबी नवी घ्या, जुनी साखळी ताणलेली असती, नव्या दातावर बसत न्हाई. मलाच शिकवायलाय. मी म्हणलं, बाबा, मीबी दुकानच चालवतो." आणि पुन्हा हसले. मलाही ते बरोबरच वाटलं, कारण 'याच्यासंगं' म्हटलं की पुढं काय येतं हे मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, आत्ता बसवून टाका. ते म्हणाले, दमलो, उद्या आरामात बसवू. कागदात गुंडाळलेलं नवं चेनव्हील त्यांनी कोनाड्यात ठेवलं आणि झोपले.

उद्या खंडेनवमी होती. लोखंडाच्या माणसाला खंडेनवमीचा विसर पडावा, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला बसवायची. ज्या लोखंडानं वर्षभर पोट भरलं त्याला एक दिवस आराम. पूजेत बसलेल्या हत्याराला दसऱ्याला निवद दाखवून पूजा हलवल्याशिवाय कुणी हात लावत नाही.

आणि आमच्या घरात ही पूजा माझ्या सासूबाईंच्या हातात, रत्नम्मांच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्या देवणीकडच्या, बोलताना अधूनमधून कानडी येतं, आणि राग आला की सगळंच कानडी होतं. आम्ही उठायच्या आत त्यांनी दुकानातले सगळे पाने, हातोड्या, पक्कडी घरी आणून माजघरात मांडून ठेवल्या होत्या. त्या घरातल्याही लोखंडाला सोडत नसत. माझी विळी, सांडशी, अडकित्ता, उलथनं, झाऱ्या, सगळं पूजेत. आणि मधोमध, पांढऱ्या फडक्यावर, गव्हाच्या राशीत उभं केलेलं, हळदीकुंकू आणि विभूतीचे पट्टे लावलेलं ते नवं कोरं चेनव्हील. दुष्काळात झेंडूचा एकच हार मिळाला होता, तोही त्यालाच घातला होता.

"किती देखणं चक्कर आणलास रे, ईरभद्रा," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्या पूजेत असलं कधी न्हवतं."

हे तोंडातला ब्रश तसाच धरून उभे राहिले. मग फार हळू म्हणाले की अव्वा, ते मला आज सायकलीला बसवायचं आहे, उद्या सकाळी लातूरला शर्यत आहे. आत्याबाईंनी विचारलं, शर्यत उद्या आहे ना? मग आज लोखंडाला हात लावायची घाई कशाला? उद्या अंघोळ, निवद झाला की पूजा हलवू, मग काय बसवायचं ते बसव. लातूरची पहिली गाडी निवदाच्या कितीतरी आधी सुटते, हे सांगायचं धाडस ह्यांना झालं नाही. बाजारात कुणाच्या बापाला न भिणारा हा माणूस आईसमोर धोतराचा सोगा चाळवत बसला आणि थोड्या वेळानं मला म्हणाला, जाऊ दे, नशिबात नाही.

माझ्या डोळ्यांसमोर अक्काची पळी आली. मी म्हटलं, नशीब बिशीब काही नाही, तुम्ही फक्त सायकल परसात घेऊन ठेवा.

आता मला दोन गोष्टी पाहिजे होत्या. एक पाना, आणि ते चेनव्हील. पाना सोपा असेल असं वाटलं होतं. मी पदर खोचून बाहेर पडले. सायकल दुरुस्तीवाल्या रेवणप्पाकडं गेले, तर तो आपल्या पान्यांना गंध लावून त्यांच्यासमोर मांडी घालून बसला होता. म्हणाला, वहिनी, जीव मागा, आज पाना मागू नका. पिठाच्या गिरणीत गेले, गिरणीलाच हार. लोहाराकडं भात्यालासुद्धा कुंकू. एसटी स्टँडवर बघावं तर गाड्यांच्या नाकाला केळीचे खुंट बांधलेले आणि पाने बॉनेटवर ओळीनं मांडून ठेवलेले. आख्ख्या अहमदपुरात त्या दिवशी एक नट सैल करायची सोय नव्हती. माझी स्वतःची विळी पूजेत, त्यामुळं दुपारच्या भाजीची भेंडी मी हातानं मोडली, तीही रागारागानं.

परत आले तेव्हा बापूसाहेब ओट्यावर रिकामे बसले होते. त्यांच्याकडं पोथ्या-पुस्तकांची पूजा मांडतात, आणि पूजेत सरस्वती बसली की वाचायचं नाही, म्हणून त्यांनी पेपरही उघडला नव्हता. वाचायला काही नसल्यामुळं सकाळपासून त्यांनी माझ्याकडंच लक्ष दिलं होतं. त्यांनी दोनदा खोकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, एक पाना आहे. पूजेत नसलेला."

ते आत गेले आणि जुन्या पंच्यात गुंडाळलेला एक सरकता पाना घेऊन आले. मुठीवर निळ्या रंगाची खूण होती. आमच्या दुकानाच्या हत्यारांवर हे तसलीच खूण करतात. हाच पाना ह्यांनी मागच्या दिवाळीत बापूसाहेबांकडं परत मागितला होता, तेव्हा त्यांनी जानव्याला हात लावून सांगितलं होतं की मी तो कधीच परत केलाय. परत न केल्यामुळंच तो आमच्या पूजेतून सुटला होता, आणि आहे म्हणून सांगता येत नसल्यामुळं त्यांच्याही पूजेतून. मी खुणेकडं बघितलं, त्यांनी आभाळाकडं बघितलं. 

राहिलं चेनव्हील. दुपारी आत्याबाई मठात गेल्या. मी माजघराचं दार लोटलं. जुनं झिजलेलं चेनव्हील रॉकेलनं पुसलं, त्याला हळद लावली, कुंकू लावलं, विभूतीचे पट्टे ओढले. मग डोळे मिटून देवाला सांगितलं की बाबा, भांडण बहिणी-बहिणींचं आहे, तू मध्ये पडू नकोस. हार उचलला, नवं काढलं, जुनं गव्हात रोवलं, हार परत घातला. दिव्याच्या उजेडात दोन हातांवरून फरक कळत नव्हता. 

आत्याबाईंच्या नजरेआड म्हणून सायकल बापूसाहेबांच्या परसात नेऊन आम्ही ते बसवलं. हे आधी हातच लावेनात. अव्वाला कळलं तर, अव्वाला कळलं तर, एवढंच चाललेलं. मी म्हणाले, कळलं तर मी आहे. मग बसले. मी पायडलचा दांडा धरला, ह्यांनी भोकांना भोकं मिळवून पाचही नट आधी हातानं लावले, मग पान्यानं एक आवळला की समोरचा, मग परत बाजूचा, असे थोडे थोडे करत सगळे घट्ट केले, म्हणजे चक्र एका अंगाला झुकत नाही. काम करायला लागले की हा माणूस मला आवडतो. साखळी चढवून हातानं पायडल फिरवलं, चाक सणसणत फिरलं. मला साखळी दातांवर थोडी वर चढल्यासारखी दिसली. तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, नवं आहे, बसेल आपोआप.

दसऱ्याला पहाटे सायकल आधीच स्टँडवर नेऊन ठेवली होती. हे आईच्या पाया पडले आणि शर्यत बघून येतो म्हणाले. तीन पिढ्यांच्या दुकानदारीत जेवढं खोटं बोलायचं तेवढंच बोलले. मी गेले नाही. लातूरला गेले असते तर अक्काचं दार आलं असतं, आणि या वर्षी मला ते नको होतं.

निवद झाला. आत्याबाई पूजा हलवायला बसल्या. एकेक पाना पुसून त्या बाजूला ठेवत होत्या. हार काढला. चेनव्हील उचललं, पदरानं हळद पुसली आणि एका बोटानं दातांवरून सावकाश फिरवलं. सगळे दात मोजावेत तसं. मला वाटलं, आता कानडी सुरू होणार.

"हे तर जुनं हाय," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले.

"नवं न्हेलं का त्यानं?"

"मी दिलं, आत्याबाई."

त्यांनी ते चक्र मांडीवर ठेवलं. मग म्हणाल्या, "माझंच चुकलं. नव्यानं अजून काय केलंय की त्याला हार घालावा? राबलं ते हे." आणि झिजलेलं चेनव्हील त्यांनी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर नेऊन ठेवलं. मी तिथंच रडायला लागले. त्यावर मात्र त्या म्हणाल्या की रडायची नाटकं पुरे, पूजेतली वस्तू न विचारता काढली ती काढलीच, आज चार घागरी जास्त आणायच्या. त्या मी आणल्या.

दुपार झाली. दर दसऱ्याला या वेळी मी अक्काच्या स्वयंपाकघरात असायची. घरात बसून करमेना. दोनदा उंबऱ्यात जाऊन आले. जिंकल्यावर कसं उभं राहायचं, सोनं कुठल्या हातानं घ्यायचं, तोंडावर किती हसू ठेवायचं, सगळं ठरवून झालं होतं. हरलो तर काय, ते काहीच ठरवलं नव्हतं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा गल्लीच्या तोंडाला हे दिसले. सायकल हातात धरून चालत, साखळी काढून हँडलला लटकावलेली. चेहरा असा की मी मनातल्या मनात पुढच्या सगळ्या दसऱ्यांची एसटी धरली. आणि ह्यांच्यामागं शंकरप्पा दाजी पिशवी घेऊन, आणि दाजींच्या मागं, पदर डोक्यावरून घेऊन, अक्का.

ओट्यावर बसून हे पाणी प्यायले आणि मग सगळं सांगितलं. सपाटीवर ठीक गेलं. औशाच्या रस्त्याला पहिला चढ लागला, हे उभे राहिले आणि साखळीनं उडी मारली. नवे दात, जुनी ताणलेली साखळी, एकमेकांत बसेचनात. जोर दिला की खाड. मग जोरच द्यायचा नाही असं ठरवून हे आख्खी शर्यत देवदर्शनाला निघाल्यासारखी चालवत राहिले. परत लातुरात पोचले तेव्हा मांडव उतरवायला सुरुवात झाली होती, आणि बक्षिसं वाटून पाहुणे जेवायला गेले होते. "तो नांदेडचा खरं बोलत व्हता," हे म्हणाले. दुसऱ्या दुकानदाराबद्दल असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणजे दाजी पुढं गेले, मी म्हणाले.

"मी निघालोच न्हाई," दाजी म्हणाले. त्यांची सायकल पूजेत होती. काल अक्कानं सायकलीला हार घालून देवघरात नेऊन उभी केली आणि सकाळी निवदाआधी हलवू दिली नाही. हे तिकडं सुटायच्या रेघेवर उभे होते तेव्हा दाजी घरी अक्कासमोर हात जोडून उभे होते.

आमच्या ओट्यावर लगेच वाद सुरू झाला. जो निघालाच नाही त्याच्या पुढं आला म्हणजे पुढं आला का? बापूसाहेबांना मुद्दाम बोलावलं. तहसीलमधला माणूस, त्यांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल दिला की न निघालेला मागे राहतो, सबब वीरभद्रप्पा पुढे. मी अक्काकडं बघितलं. आता ते ठरवलेलं हसू तोंडावर आणायचं होतं, पण ते जमेना. मला तिचा राग आला होता. मी देवापुढून चोरी केली, जिवाचं रान केलं, आणि हिनं काय, तर पूजा पाळली. हरतानासुद्धा ही माझ्याहून एक पायरी वरच.

"एवढी कडक पूजा कधीपासून गं अक्का, तुझ्यात?" मी विचारलं.

त्यावर दाजीच बोलले. "कुठली पूजा? आमच्यात कातरी अन् गज, एवढंच पूजेला बसतंय. सायकल कधी बसली न्हाई. औंदाच हिनं नेऊन बसवली अन् दारातच पाट टाकून बसली. म्या लई विनवणी केली."

अक्कानं पदराच्या गाठीतून आपट्याची पानं काढली. प्रवासात चुरगळली होती. ती माझ्या हातात ठेवता ठेवता, माझ्याकडं न बघता म्हणाली, "दर वर्साला तू येतीस, वाकतीस, अन् गाडीच्या टायमाला अर्ध्या ताटावरून पळतीस. तुझं घर, तुझं रांधणं, तू कुठं बसतीस, काय बघतीस, मला काय मालूम न्हाई. थोरलीनं यायचं नसतंय म्हणत्यात. हरल्याबिगर येता येईना, उमे. म्हणून हरले."

 सवयीनं मी वाकले, तिनंही मला धरायला हात खाली आणले, आणि आमची डोकी एकमेकींवर आपटली. तशीच मी तिच्या गळ्यात पडले. इतकी वर्षं मी त्या बाईशी शर्यत लावत होते आणि ती माझ्या दारी यायला हरायची वाट शोधत होती. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

मग अक्का घरात आली आणि पाच मिनिटांत पहिल्यासारखी झाली. देव्हारा इथं कशाला, चुलीवर उजेड येत नाही, डबे उंचीप्रमाणं लाव, आणि देवाच्या फळीवर हे गंजकं चाक कुणी ठेवलं? आत्याबाईंनी तिला कानडीत काहीतरी सांगितलं आणि तिनं त्या चाकाला हात जोडले. मी तिच्यामागून हिंडत होते आणि ती नावं ठेवेल तिथं हो म्हणत होते.

शेवटच्या गाडीची वेळ झाली तसे दाजी पिशवी उचलून उभे राहिले. अक्काही पदर सावरायला लागली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, आज जायचं नाही, मुक्काम कर.

अक्कानं दारामागच्या रांजणाकडं बघितलं. तळाशी थोडंच उरलं होतं, आणि उद्याचा टँकर येईल की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पाणी पुरंल का गं दोन माणसाला?" तिनं हळूच विचारलं.

"पुरवते," मी म्हणाले.